प्लेस्टेशनला व्हीपीएन लावण्याआधी राउटरचा आयपी बघा

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी पीएस५ आहे आणि गावातल्याच एका कंपनीचं १०० एमबीपीएसचं फायबर आहे. नेटवर्क टेस्ट केली की नॅट टाइप ३ दिसतो. न्यू जर्सीतल्या मावसभावाशी पार्टी चॅट जोडला जात नाही, जीटीए ऑनलाइनमध्ये एकमेकांच्या सेशनमध्ये शिरता येत नाही, आणि रात्री नऊनंतर कुठलाही खेळ लॅग मारतो. कुणीतरी सांगितलं, ‘व्हीपीएन टाक, सगळं सुटेल.’ पण कन्सोलच्या स्टोअरमध्ये व्हीपीएनचं अ‍ॅपच सापडत नाही. मग ते लावायचं कसं?

अ‍ॅप सापडणार नाही, कारण ते नाहीच. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या एका सर्व्हरमार्गे नेणारा बोगदा. पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स, स्विच यांपैकी एकाही कन्सोलमध्ये व्हीपीएन आतून चालवायची सोय नाही. व्हीपीएन लावायचं तर ते कन्सोलच्या आधीच्या यंत्रात, म्हणजे राउटरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये. ते कसं, ते खाली सविस्तर सांगतो. पण घरोघरी नेटवर्क लावून देण्याच्या कामात हा प्रश्न मला इतक्यांदा भेटतो की आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुमच्या एका प्रश्नात तीन तक्रारी आहेत: नॅट टाइप ३, अमेरिकेचं अंतर आणि रात्रीचा लॅग. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि व्हीपीएन त्यातल्या फार तर दीड तक्रारीवर चालेल.

नॅटपासून सुरुवात करू. नॅट म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवण्याची राउटरची पद्धत. टाइप १ म्हणजे राउटर न वापरता थेट इंटरनेटला जोडलेला कन्सोल. टाइप २ म्हणजे राउटरमागे, पण बाहेरून येणारी जोडणी आत पोचते. घरगुती वापराला हाच हवा, टाइप १ च्या मागे लागू नका. टाइप ३ म्हणजे बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. खेळ कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत असेल तर टाइप ३ फारसा आड येत नाही, कारण जोडणी तुमच्याकडून सुरू होते. पण जीटीए ऑनलाइन, किंवा स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ सारखे मारामारीचे खेळ खेळाडूंच्या कन्सोलना थेट एकमेकांशी जोडतात. पार्टी चॅटलाही अशीच थेट वाट लागते. तिथे टाइप ३ नडतो, आणि समोरचाही टाइप ३ असला तर जोडणी बहुतेक होतच नाही.

टाइप ३ का आला, हे तुमच्या घरात बसून पाच मिनिटांत कळतं. फोनवरून राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि वॅन (राउटरची कंपनीकडची बाजू) किंवा इंटरनेट स्टेटसखाली आयपी पत्ता काय दिसतो ते लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं गूगलवर शोधा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर अडचण तुमच्या राउटरमध्ये आहे. राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला लागणारे पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, आपोआप उघडणारी सोय) चालू करा, कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. बऱ्याच घरांत एवढ्यावर टाइप २ येतो. नाहीच आला तर कन्सोलला राउटरमध्ये कायमचा आयपी नेमून यूडीपीचे ३४७८ आणि ३४७९ हे पोर्ट त्याच्याकडे वळवा. एक्सबॉक्सवाल्यांनी यूडीपी ३०७४.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरात बहुधा एकामागे एक दोन राउटर आहेत: कंपनीचा फायबरचा डबा आणि तुम्ही हौसेने आणलेला दुसरा. कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे नॅट न करता लाइन नुसती पुढे देईल असा) टाकून घ्या, किंवा तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता चालवा. दोघांनी नॅट करायचं कारण नाही.

आणि पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. वॅनला १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी बहुतेक वेळा तेच असतं. तुमचं वर्णन वाचून माझी पैज यावरच आहे.

सीजीनॅट म्हणजे इंटरनेट कंपनीने स्वतःच्या केंद्रात बसवलेला भलामोठा नॅट, ज्यामागे शेकडो घरं एकाच सार्वजनिक आयपीवर चालतात. यात कंपनीचा चावटपणा नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळूनच सुमारे ४२९ कोटी, आणि आशियाचं वाटप करणाऱ्या एपनिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. १००.६४ चा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. त्यानंतर व्यवसाय वाढवलेल्या छोट्या फायबर कंपन्यांकडे प्रत्येक घराला द्यायला पत्ते आहेतच कुठे? मोठ्या सोसायटीच्या गेटवर पार्सल आलं, पण त्यावर फ्लॅट नंबर नाही, तर वॉचमन ते परतच पाठवणार. भावाच्या कन्सोलकडून आलेल्या जोडणीचं सीजीनॅटच्या दारात हेच होतं. म्हणून सीजीनॅटमागे बसून स्वतःच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग शून्य, कारण पार्सल तुमच्या मजल्यापर्यंत आलेलंच नसतं. लोक यावर अख्खा रविवार घालवतात आणि शेवटी कन्सोलला शिव्या देतात.

यावरचा सरळ उपाय व्हीपीएन नाही. कंपनीला फोन करा आणि नेमक्या शब्दांत सांगा: ‘मला सीजीनॅट नको, पब्लिक आयपी हवा.’ ‘गेम नीट चालत नाही’ असं सांगितलंत तर ते स्पीड टेस्ट करायला लावतील, १०० चे १०० दिसतील आणि तक्रार बंद होईल. स्टॅटिक आयपी बहुतेक कंपन्या महिन्याचे किंवा वर्षाचे वेगळे पैसे घेऊन देतात. दर गावोगावी आणि कंपनीनुसार बदलतो, म्हणून आकडा सांगत नाही. पण गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या व्हीपीएनच्या वर्षाच्या वर्गणीशी तुलना करून बघा. पत्ता कायम तोच असण्याची तुम्हाला गरज नाही, सार्वजनिक असला की पुरे. काही ठिकाणी फोनवरच्या माणसाला हा फरक कळला तर फुकटातही काम होतं. हेल्पलाइनपेक्षा लाइन टाकायला येणाऱ्या तंत्रज्ञाला गाठा, त्याला सीजीनॅट म्हणजे काय ते ठाऊक असतं. कंपनी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) देत असेल तर तेही राउटरमध्ये चालू करून घ्या. एक्सबॉक्सला त्याचा चांगला फायदा होतो, प्लेस्टेशनवर ते त्या त्या खेळावर आहे.

आता रात्रीचा लॅग. नऊनंतर दोन गोष्टी एकदम होतात. कंपनीच्या लाइनवर सगळी गल्ली येते, आणि तुमच्या घरातही सगळे घरी येतात. पहिलं की दुसरं, हे ओळखायला लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि नऊनंतर कुठल्याही जवळच्या पत्त्याला पिंग लावून ठेवा. पिंग म्हणजे डेटाचं पाकीट जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. घरातल्या सगळ्यांचं वायफाय बंद असताना पिंग १५ च्या आसपास स्थिर आणि कुणाच्या फोनमधले फोटो वर चढायला लागले की १५० वर, असं झालं तर दोष घरातच आहे. अपलोडची रांग लागते आणि तुमच्या खेळाची इवलीशी पाकिटं त्या रांगेत उभी राहतात. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर घालता येणारं पर्यायी सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम नावाची सोय असते. तिला लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा द्यायचा, की रांग राउटरच्या हातात येते आणि पिंग जमिनीवर राहतो. १०० ऐवजी ८८ एमबीपीएस मिळतील. खेळाला तसेही मोजके एमबीपीएस लागतात. कन्सोल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर या सगळ्याच्या आधी त्याला केबल लावा. भिंतीत पाइप नसेल तर कॅट ६ केबल चौकटीच्या कडेने चिकटवून न्या. घरचे पहिले दोन दिवस कुरकुर करतील.

सगळे फोन बंद असूनही नऊनंतर पिंग उड्या मारत असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. इथे व्हीपीएन कधीकधी चालतं, ते कधी ते पुढे येतंच.

न्यू जर्सीचं काय? फायबरमधला प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन पंचवीस हजार. म्हणजे केबल सरळ रेषेत टाकली असती तरी १२५ मिलिसेकंद गेलेच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. प्रत्यक्षात २०० च्या आसपास किंवा वर मिळतं. हे अंतर कुठलंही व्हीपीएन खाऊ शकत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत. खेळात सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल तर लंडनच्या बाजूचा युरोप निवडून बघा. तुम्हाला साधारण १२०-१३०, भावाला ७०-८०. त्याच्याकडच्या सर्व्हरवर खेळून प्रत्येक डाव तुम्ही हरण्यापेक्षा हे दोघांना परवडतं.

मग व्हीपीएन कधी लावावं? माझ्या अनुभवात तीन प्रसंग खरे आहेत. एक, कंपनी पब्लिक आयपी द्यायला तयारच नाही. दोन, कंपनीचा मार्ग वाकडा आहे: सिंगापूरच्या सर्व्हरला जायचं आणि पाकिटं आधी युरोपची सहल करून येतात. हे लॅपटॉपवर ट्रेसरूट (पाकिटं कुठून कुठून जातात ते दाखवणारी आज्ञा) मारून दिसतं. मुंबई ते सिंगापूर ६०च्या आसपास मिळायला हवं. तुम्हाला २०० मिळत असेल तर मार्ग चुकलाय आणि योग्य व्हीपीएन तो सरळ करू शकतं. तीन, थेट जोडणीच्या खेळात समोरचे तुमचा आयपी काढून लाइन पाडतात म्हणून तो लपवायचा आहे. दुसऱ्या देशाच्या स्टोअरमधून स्वस्तात खेळ घेण्यासाठी व्हीपीएन मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही, आणि अटी मोडल्या म्हणून खातं गेलं तर घेतलेले सगळे खेळ त्याबरोबर जातात.

विकत घेण्याआधी एक भारतीय पेच समजून घ्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, त्यात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी वगैरे नोंदी ५ वर्षं ठेवायच्या होत्या. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘भारत’ दिसला तरी ते यंत्र अनेकदा सिंगापुरात किंवा इंग्लंडमध्ये असतं, फक्त आयपी भारताचा असतो. आता हिशोब करा. तुम्ही नाशिकमध्ये, खेळाचा सर्व्हर मुंबईत, सरळ गेलात तर १० मिलिसेकंदांच्या आत-बाहेर. तेच या ‘भारतीय’ सर्व्हरमार्गे गेलात तर नाशिकहून सिंगापूर आणि सिंगापूरहून परत मुंबई, म्हणजे १२० च्या घरात. लोक पैसे भरून लॅग विकत घेतात, तो असा. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: तुमचं यंत्र प्रत्यक्ष कुठल्या शहरात आहे? भारतात व्हीपीएन वापरणं मुळात गुन्हा नाही. आखाती देशांत राहणाऱ्यांनी मात्र तिथले नियम आधी वाचावेत.

दुसरा पेच नॅटचा. व्यापारी व्हीपीएनच्या सर्व्हरवरही शेकडो लोक एका आयपीमागे असतात. म्हणजे एका सीजीनॅटमधून निघून दुसऱ्यात जाऊन बसल्यासारखं, टाइप ३ तसाच. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी तुमच्याकडे वळवण्याची सोय) देणारी सेवा असेल तरच फरक पडतो, आणि अशा सेवा कमी होत चालल्यात. मलवडने ही सोय २०२३ मध्ये बंद केली, प्रोटॉन सशुल्क ग्राहकांना देतं. त्यातही एखादाच पोर्ट मिळतो, आणि कन्सोलला नेमका तोच वापरायला लावता येत नाही.

म्हणून सीजीनॅट फोडायचंच असेल आणि हाताला थोडं लिनक्स येत असेल, तर मी मुंबईत भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवायला सांगतो. अमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात त्याच्याही आधीपासून, शिवाय लहान कंपन्या आहेतच. घरचा राउटर स्वतःहून बाहेर सर्व्हरकडे बोगदा काढतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. सर्व्हरला मात्र स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो, आणि तिथून कन्सोलचे पोर्ट बोगद्यातून घराकडे वळवायचे. वळवणं दोन ठिकाणी करावं लागतं, सर्व्हरवर आणि मग राउटरवर; सर्व्हर कंपनीच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्येही यूडीपी उघडावं लागतं, आणि तेच नेमकं राहून जातं. वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह (बोगदा जागा ठेवणारं पाकीट) २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत पडलेला बोगदा सीजीनॅट विसरून जातो. एवढं केलं की टाइप २ येतो. खर्चाचं भान ठेवा: मोठे क्लाउड बाहेर जाणाऱ्या डेटाचे जीबीमागे पैसे लावतात, आणि आजचा एखादा खेळ १०० जीबीचा असतो. डाउनलोड करताना बोगदा बंद ठेवायचा.

आता जोडणी. फुकट चाचणी करायची तर विंडोज लॅपटॉप वापरा. लॅपटॉप वायफायवर ठेवा, त्यावर व्हीपीएन सुरू करा, आणि लॅपटॉपच्या लॅन पोर्टमधून केबल पीएस५ला. मग कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये व्हीपीएनच्या अ‍ॅडॉप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि खालच्या यादीतून इथरनेट निवडा. पीएस५ला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळाला की जमलं. न मिळाल्यास व्हीपीएन अ‍ॅपमधला किल स्विच (व्हीपीएनबाहेरची जोडणी अडवणारी सोय) बंद करून बघा. याने नॅट सुधारणार नाही, पण मार्ग सरळ होतो का आणि पिंग उतरतो का, ते एका संध्याकाळी कळेल. फोनवर व्हीपीएन लावून हॉटस्पॉट देऊ नका. हॉटस्पॉटवरचा कन्सोल साधारणपणे व्हीपीएन टाळून सरळच बाहेर जातो.

चाचणीत खरंच फायदा दिसला तर कायमची सोय करा. कंपनीच्या फायबरच्या डब्यात व्हीपीएन क्लायंट सहसा नसतो, आणि घराचा मुख्य राउटर अख्खा व्हीपीएनवर टाकायलाही माझा विरोध आहे. बँकेची अ‍ॅप अडतात, टीव्हीवरचं ओटीटी रुसतं आणि घरातले तुम्हाला धरतात. वायरगार्ड क्लायंट असलेला छोटा राउटर घ्या, जीएल.आयनेटचे असतात किंवा ओपनडब्ल्यूआरटी घातलेला कुठलाही चालेल. डब्याच्या लॅनमधून त्याच्या वॅनमध्ये केबल, त्याच्या लॅनमधून पीएस५मध्ये. कन्सोलपुरतंच व्हीपीएन, बाकी घर जसंच्या तसं. आसुसच्या काही राउटरमध्ये एकाच यंत्राला व्हीपीएन नेमायची सोय असते, तो घरात असेल तर नवीन काही घेऊ नका. ओपनव्हीपीएनपेक्षा वायरगार्ड घ्या, स्वस्त राउटरचा प्रोसेसर ओपनव्हीपीएनखाली धापा टाकतो. ओपनव्हीपीएनच घ्यावं लागलं तर यूडीपीवर चालवा. टीसीपीवर एक पाकीट हरवलं की मागची सगळी थांबतात.

बोगदा चालतोय का, हे पीएस५ नीट सांगत नाही. फोन त्या छोट्या राउटरच्या वायफायवर घ्या आणि आयपी बघा. लॉगिन होतं पण खेळ लोडिंगवर लटकतो, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार तपासा. वायरगार्डचा १४२० असतो आणि आपल्याकडच्या फायबरवर पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून जोडण्याची पद्धत) असल्यास लाइनचाच १४९२; पीएस५च्या नेटवर्क सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली एमटीयू हाताने १४०० करा आणि पुन्हा बघा.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल विचारलंत तर खेळासाठी नको. गर्दी, वेगावर मर्यादा, आणि तुमच्या माहितीचं ते काय करतात ते सांगत नाहीत.

आज रात्री दोन गोष्टी करून कळवा. राउटरच्या वॅन आयपीचे फक्त पहिले दोन भाग (जसं १००.६४), पूर्ण पत्ता कुठेही लिहू नका. आणि साडेनऊला केबलवरून घेतलेला पिंग, एकदा घरातले सगळे फोन बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. कंपनीशी काय बोलायचं आणि राउटरवर पैसे घालायचे की नाही, ते त्यावरून सांगतो.